ॲप्लिकेशन सर्व्हर स्वतः सांभाळायचा की क्लाउड प्लॅटफॉर्मवर जायचं? आधी आपलं ॲप तपासा

‘आता क्लाउडवर जायचं का?’ हा विषय बहुतेक टीममध्ये दोनच प्रसंगी निघतो. सर्व्हरचं कंत्राट संपत आलं की, नाहीतर ऐन रात्री सर्व्हर बसला की. दोन्ही वेळी घाई असते आणि घाईत होणारी तुलना ठरलेली असते: एका रकान्यात सध्याचं भाडं, दुसऱ्यात प्लॅटफॉर्मच्या किंमतपत्रकातला सर्वांत लहान आकडा, आणि बैठकीत ज्याचा आवाज मोठा त्याचं मत. ज्या गोष्टीवर हा निर्णय खरोखर अवलंबून आहे ती या कागदावर येतच नाही. ती म्हणजे आपल्या ॲपच्या सवयी. ते सेशन, म्हणजे लॉगिन केलेल्या वापरकर्त्याची तात्पुरती माहिती, कुठे ठेवतं, फाइल कुठे लिहितं, रात्रीची कामं कोण सुरू करतं, सगळ्यात मोठा रिपोर्ट किती वेळ घेतो, डेटाबेसच्या किती जोडण्या धरून बसतं. एवढं कळलं की निम्मा निकाल लागतो.

पुढची उदाहरणं जावा आणि टॉमकॅटची आहेत, कारण पारंपरिक ॲप्लिकेशन सर्व्हर (ॲपचा कोड चालवणारं सॉफ्टवेअर; टॉमकॅट त्यातलाच एक) म्हटलं की तेच जग डोळ्यांसमोर येतं. पायथन, पीएचपी, रूबी किंवा डॉटनेटवाल्यांनी नावं बदलून वाचावं.

तुलना नेमकी कशाची?

पारंपरिक होस्टिंगमध्ये मशीन तुमच्या ताब्यात असतं. त्यावर ऑपरेटिंग सिस्टिम, जावा, मग टॉमकॅट, वाइल्डफ्लाय, वेबलॉजिक किंवा वेबस्फिअर यांपैकी एक ॲप्लिकेशन सर्व्हर, आणि पुढे बाहेरच्या रिक्वेस्ट आधी घेणारा वेब सर्व्हर, एनजिनएक्स नाहीतर अपाची. तुम्ही वॉर फाइल (जावा ॲपचं बांधलेलं पॅकेज) ठरलेल्या फोल्डरमध्ये टाकता आणि ॲप सुरू होतं. प्लॅटफॉर्म सेवेत तुम्ही फक्त कोड किंवा कंटेनर इमेज (ॲप आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेलं पॅकेज) देता. मशीन, ऑपरेटिंग सिस्टिम, रिक्वेस्ट वाटून देणारा लोड बॅलन्सर, सुरक्षित जोडणीचं सर्टिफिकेट हे सगळं सेवा देणारा बघतो. हेरोकू, गूगल ॲप इंजिन, क्लाउड रन, अझ्यूर ॲप सर्व्हिस, ॲमेझॉनचं इलॅस्टिक बीनस्टॉक ही त्यातली ओळखीची नावं.

इथे एक गोंधळ हमखास होतो. ॲमेझॉनच्या ईसी२ वर व्हर्च्युअल मशीन घेऊन त्यावर टॉमकॅट टाकला की लोक ‘आम्ही क्लाउडवर आहोत’ म्हणून मोकळे होतात. मशीनचा पत्ता बदलला एवढंच. पॅच, बॅकअप, डिस्क भरणं हे सगळं अजून तुमच्याच गळ्यात आहे. या लेखापुरतं ते पारंपरिक होस्टिंगच. बीनस्टॉक मधोमध बसतं: उभारणी ते करतं, पण खालची मशीनं तुमच्या खात्यात दिसतात आणि हवं तर त्यात शिरताही येतं. त्याचं वेगळं शुल्क नाही, बिल खालच्या साधनांचं येतं.

डिसेंबर १९९९ मध्ये जे२ईई १.२ हे मोठ्या जावा ॲप्ससाठीचं मानक आलं, तेव्हा ॲप्लिकेशन सर्व्हर हाच प्लॅटफॉर्म होता. मशीन महाग, मेमरी तोकडी. म्हणून एका मोठ्या सर्व्हरच्या पोटात अनेक ॲप्स, आणि डेटाबेसच्या जोडण्या, ट्रान्झॅक्शन, मेसेज क्यू हे सगळं सर्व्हरने पुरवायचं. २००७ साली हेरोकू सुरू झालं, एप्रिल २००८ मध्ये गूगल ॲप इंजिन, जानेवारी २०११ मध्ये इलॅस्टिक बीनस्टॉक. यांनी मांडणीच उलटी केली: प्रत्येक ॲपची स्वतंत्र प्रोसेस, ती कधीही मारता यावी, कधीही नवी उभी करता यावी. २०१४ मध्ये जावा ॲप्स बांधायचं स्प्रिंग बूट १.० आलं आणि टॉमकॅट ॲपच्या आत जाऊन बसला. म्हणजे प्लॅटफॉर्मवर गेलात तरी टॉमकॅट बहुधा चालूच असतो, फक्त त्याची कॉन्फिगरेशन फाइल उघडायला कुणी जात नाही.

पायरी १: सध्या कोण काय करतं ते लिहून काढा

कोरा कागद घ्या आणि गेल्या वर्षभरात सर्व्हरसाठी कुणाला काय करावं लागलं ते लिहा: ऑपरेटिंग सिस्टिमचे पॅच, जावाची आवृत्ती, टॉमकॅटची आवृत्ती, सर्टिफिकेट, फायरवॉल, बॅकअप, बॅकअप खरंच परत चढतो का याची तपासणी, लॉग फाइल कापणं, डिस्क भरली म्हणून धावपळ. प्रत्येकापुढे माणसाचं नाव आणि अंदाजे तास. बऱ्याच ठिकाणी दोन गोष्टी उघड होतात: सगळ्या ओळींपुढे एकच नाव आहे, आणि काही ओळींपुढे कुणाचंच नाव नाही. दुसरी जास्त गंभीर. टॉमकॅट ८.५ ला ३१ मार्च २०२४ नंतर सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं बंद झालं. तुमच्याकडे तोच चालू असेल, तर त्या ओळीपुढे नाव नव्हतं असं समजा.

सर्टिफिकेटची ओळ जरा ठळक करा. लेट्स एन्क्रिप्टची मोफत सर्टिफिकेटं फार तर ९० दिवसांची असतात, पण विकत घेतलेली सर्टिफिकेटं वर्षातून एकदा हाताने बदलण्याची सवय अनेकांना आहे. सार्वजनिक सर्टिफिकेटांची कमाल मुदत १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, मार्च २०२७ पासून १०० दिवस आणि मार्च २०२९ पासून ४७ दिवस अशी टप्प्याटप्प्याने कमी होते आहे. हाताने करायचं हे काम आता राहिलेलं नाही. प्लॅटफॉर्म ते आपोआप करतो. स्वतःच्या सर्व्हरवर तुम्हाला ते स्वयंचलित करून घ्यावं लागेल.

आता यादीतल्या कोणत्या ओळी प्लॅटफॉर्मवर गेल्यावर खोडता येतील ते बघा. ऑपरेटिंग सिस्टिम, लोड बॅलन्सर, सर्टिफिकेट खोडा. जावाची आवृत्ती अर्धी खोडा. छोट्या दुरुस्त्या अनेक प्लॅटफॉर्म करतात, पण स्वतःची कंटेनर इमेज देत असाल तर ती पुन्हा बांधून चढवणं तुमच्याकडेच. ॲपच्या आतल्या लायब्ररींना मात्र हात लावू नका. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग४जे या लायब्ररीतली भयंकर त्रुटी बाहेर आली, तेव्हा प्लॅटफॉर्मवरचे आणि स्वतःच्या सर्व्हरवरचे दोघेही रात्री जागले. ती लायब्ररी ॲपबरोबर आलेली होती, आणि ॲप ज्याचं त्याने ती बदलायची होती.

पायरी २: ॲपच्या सवयी तपासा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. जुनं ॲप एकाच मशीनवर वर्षानुवर्षं चाललेलं असतं आणि त्या मशीनवर ते नकळत विसंबलेलं असतं.

सेशनपासून सुरुवात करू. टॉमकॅट सेशन स्वतःच्या मेमरीत ठेवतो, मुदत ३० मिनिटांची. एकच मशीन असताना तक्रारीला जागाच नाही. प्लॅटफॉर्मवर दोन इन्स्टन्स, म्हणजे ॲपच्या दोन प्रती, चालू आहेत असं समजा. वापरकर्त्याने लॉगिन केलं ते पहिल्या इन्स्टन्सवर. फॉर्म भरून त्याने ‘पुढे’ दाबलं, ती रिक्वेस्ट गेली दुसऱ्यावर. तिथे त्याचं सेशन नाही, म्हणून समोर आलं लॉगिनचं पान. त्याने पुन्हा लॉगिन केलं, या वेळी नशिबाने सगळ्या रिक्वेस्ट एकाच इन्स्टन्सकडे गेल्या आणि काम झालं. तुमच्यापर्यंत तक्रार येते ती अशी: ‘कधीकधी आपोआप लॉगआउट होतं.’ आणि या ‘कधीकधी’पायी शोधणाऱ्याच्या नाकी नऊ येतात, कारण त्याच्या लॅपटॉपवर एकच इन्स्टन्स असतो.

वापरकर्त्याला त्याच इन्स्टन्सशी बांधून ठेवायची सोय बरेच प्लॅटफॉर्म देतात. ती मलमपट्टी आहे. इन्स्टन्स बदलला की सेशन गेलंच. सेशन रेडिस (मेमरीत डेटा ठेवणारी वेगळी सेवा) किंवा डेटाबेसमध्ये ठेवणं हा टिकाऊ उपाय, आणि स्प्रिंग वापरत असाल तर त्यासाठी तयार मॉड्यूल आहे. अडचण येते ती सेशनमध्ये कोंबलेल्या वस्तूंची. कुणीतरी कधीतरी अख्खी सर्च रिझल्टची यादी किंवा डेटाबेसची जोडणीच सेशनमध्ये ठेवलेली असते, आणि तिचं सीरिअलायझेशन, म्हणजे बाहेर साठवता येईल अशा रूपात रूपांतर, होत नाही.

तपासायचं कसं? लॉगिन करा, टॉमकॅटची प्रोसेस मारा, पुन्हा सुरू करा, पान रिफ्रेश करा. प्रोसेस जबरदस्तीनेच मारा. टॉमकॅटच्या अनेक जुन्या आवृत्त्या व्यवस्थित बंद होताना सेशन फाइलमध्ये लिहून ठेवतात आणि सुरू होताना वाचतात, त्यामुळे साध्या रीस्टार्टने खोटा दिलासा मिळतो.

दुसरी सवय फाइलची. अपलोड केलेले फोटो, तयार केलेल्या पीडीएफ, तात्पुरत्या सीएसव्ही कुठे जातात? उत्तर ‘सर्व्हरवरच्या अमुक फोल्डरमध्ये’ असेल तर ते थांबवावं लागेल. प्लॅटफॉर्मवरच्या इन्स्टन्सची डिस्क सहसा टिकाऊ नसते. हेरोकू प्रत्येक प्रोसेस साधारण दिवसातून एकदा नव्याने सुरू करतं आणि तिने डिस्कवर लिहिलेलं सगळं त्यासोबत जातं. सकाळी अपलोड झालेला फोटो दुसऱ्या दिवशी गायब, आणि लॉगमध्ये एकही एरर नाही. फाइली ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये, म्हणजे इन्स्टन्सच्या बाहेर फाइली टिकवणाऱ्या सेवेत, न्या; ॲमेझॉन एस३ २००६ पासून आहे आणि त्याच धर्तीच्या सेवा आता सगळीकडे मिळतात. कोडमध्ये फाइल लिहिणाऱ्या जागा शोधताना पीडीएफ बनवणारी आणि एक्सेल वाचणारी लायब्ररीही तपासा, त्या गुपचूप तात्पुरत्या फाइली लिहितात.

पीडीएफवरून आठवलं: जुन्या सर्व्हरवर कुणीतरी कधीकाळी फॉन्ट टाकून ठेवलेले असतात. सडपातळ कंटेनर इमेजमध्ये ते नसतात आणि पहिल्याच पावतीवर देवनागरी मजकुराच्या जागी चौकोन उमटतात. फॉन्ट ॲपबरोबर पॅक करा.

तिसरी सवय ठरलेल्या वेळेच्या कामांची. रात्री एक वाजता हिशेब करून सगळ्यांना मेल पाठवणारं काम ॲपच्या आतूनच सुरू होत असेल, तर दोन इन्स्टन्सवर ते दोनदा चालेल आणि ग्राहकाला तोच मेल दोनदा जाईल. वापर नसताना शून्यावर जाणारा प्लॅटफॉर्म असेल तर उलटं: रात्री एकला जागं कुणीच नाही, काम झालंच नाही. वेळेचा भाग प्लॅटफॉर्मच्या शेड्युलरकडे द्या किंवा डेटाबेसमध्ये कुलूप लावून एकाच इन्स्टन्सला काम करू द्या. क्वार्ट्झ या जावाच्या शेड्युलर लायब्ररीच्या क्लस्टर मोडमध्ये हीच सोय आहे. शिवाय प्लॅटफॉर्मची घड्याळं सहसा यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, चालतात. ‘रात्री एक’ कुणाच्या घड्याळात, हे कोडमध्ये स्पष्ट लिहिलेलं हवं.

राहिली कॉन्फिगरेशन आणि लॉग. डेटाबेसचा पासवर्ड टॉमकॅटच्या एक्सएमएल फाइलमध्ये असेल तर तो एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये (ॲपला बाहेरून दिलेल्या सेटिंगमध्ये) न्या. लॉग फाइलमध्ये लिहिण्याऐवजी स्टँडर्ड आउटपुटवर टाका आणि ते साठवणारी वेगळी सेवा जोडा. हेरोकू स्वतःकडे शेवटच्या १,५०० ओळीच ठेवतं. गडबड झाल्यावर शोधायला जाल तेव्हा हव्या त्या ओळी वाहून गेलेल्या असतील.

यातल्या एकेका सवयीपुढे ‘ठीक’, ‘थोडं काम’ किंवा ‘मोठं काम’ लिहा. ‘मोठं काम’ तीनहून अधिक ठिकाणी असेल तर माझं मत असं की ॲप आधी सध्याच्याच सर्व्हरवर दुरुस्त करावं. घर बदलता बदलता भिंती पाडायला घेऊ नयेत.

पायरी ३: वेळ आणि मेमरीच्या मर्यादा पडताळा

स्वतःच्या सर्व्हरवर मर्यादा तुम्ही ठरवता. एनजिनएक्स मागच्या सर्व्हरची डीफॉल्टने ६० सेकंद वाट बघतो. कुणीतरी एका अडलेल्या रिपोर्टसाठी ती मर्यादा वाढवून ठेवलेली असते आणि मग सगळे विसरून जातात. प्लॅटफॉर्मवर ही मुभा कमी. हेरोकूचा राउटर पहिल्या प्रतिसादासाठी ३० सेकंद थांबतो आणि ही मर्यादा वाढवता येत नाही. अझ्यूर ॲप सर्व्हिसवर ती सुमारे ४ मिनिटं. क्लाउड रनवर सुरुवातीला ५ मिनिटं, वाढवून ६० मिनिटांपर्यंत. लॅम्डा या ॲमेझॉनच्या (एडब्ल्यूएस) सेवेत, जिथे सुटे फंक्शन चालवले जातात, एक काम जास्तीत जास्त १५ मिनिटं चालतं.

४० सेकंद घेणारा एक रिपोर्ट ३० सेकंदांच्या मर्यादेखाली काय करतो ते बघा. तिसाव्या सेकंदाला वापरकर्त्याला एरर दिसते. मागे टॉमकॅटला याचा पत्ताच नाही, तो डेटाबेसला पिळतच राहतो. वापरकर्ता पुन्हा बटण दाबतो. आता तोच जड रिपोर्ट दोनदा चालू आहे, दोन्ही आणखी हळू झालेत आणि कुणाचाही निकाल कुणापर्यंत पोहोचणार नाही. सुटका एकच: बटण दाबताच काम रांगेत टाकायचं, लगेच ‘तयार होत आहे’ असं सांगायचं आणि झाल्यावर फाइलचा दुवा द्यायचा. प्लॅटफॉर्मवर जाणार नसाल तरी हा बदल करून टाका.

असे रिपोर्ट शोधायला टॉमकॅटच्या ॲक्सेस लॉगमध्ये प्रत्येक रिक्वेस्टला लागलेल्या वेळेचा रकाना चालू करा आणि महिनाभराच्या नोंदींतून १० सेकंदांच्या वरच्या सगळ्या वेगळ्या काढा. महिनाअखेर त्यात आलीच पाहिजे, कारण जड रिपोर्ट तेव्हाच निघतात.

मेमरीचा हिशेब जावावाल्यांना नेहमी फसवतो. हीपसाठी, म्हणजे ॲपच्या डेटाला राखलेल्या मेमरीसाठी, काहीच सांगितलं नाही तर जावा उपलब्ध मेमरीच्या एक चतुर्थांश घेतं. ५१२ एमबीच्या इन्स्टन्सवर हीप फक्त १२८ एमबी. म्हणून कुणी चिडून पूर्ण ५१२ हीपला देऊन टाकतो आणि मग प्लॅटफॉर्म ती प्रोसेस मारतो, कारण हीपच्या बाहेर क्लासेस, थ्रेडचे (एकेक रिक्वेस्ट हाताळणाऱ्या धाग्यांचे) स्टॅक आणि इतर गोष्टींना जागा लागतेच. टॉमकॅटचे डीफॉल्ट थ्रेड २००, आणि ६४-बिट लिनक्सवर प्रत्येकाच्या स्टॅकला १ एमबीपर्यंत. लहान इन्स्टन्सवर हीप निम्म्याच्या आसपास आणि थ्रेड ४०-५० ठेवून सुरुवात करा. जावा ८ असेल तर ती अपडेट १९१ किंवा नंतरची हवी. आधीच्या आवृत्त्यांना कंटेनरची मर्यादा नीट कळत नाही, त्या अख्ख्या मशीनची मेमरी आपली समजतात.

पायरी ४: डेटाबेसचं गणित करा

पोस्टग्रेस या डेटाबेसची डीफॉल्ट मर्यादा १०० जोडण्यांची. हिकारी पूल ही जोडण्या तयार ठेवणारी जावा लायब्ररी प्रत्येक इन्स्टन्समागे डीफॉल्टने १० जोडण्या धरते. चार इन्स्टन्स म्हणजे ४०. नवी आवृत्ती चढवताना जुने चार आणि नवे चार काही काळ एकत्र चालतात, म्हणजे ८०. त्यात रिपोर्टिंगचं साधन आणि रात्रीचं काम धरा. आता गर्दी वाढली, ऑटोस्केलिंगने (गर्दीनुसार इन्स्टन्स आपोआप वाढवण्याच्या सोयीने) इन्स्टन्स १२ केले: १२० जोडण्या. डेटाबेस नव्या जोडण्या नाकारायला लागतो, रिक्वेस्ट अडकतात, आणि प्लॅटफॉर्मला वाटतं गर्दी आणखी वाढली, म्हणून तो आणखी इन्स्टन्स उभे करतो. आगीतून फुफाट्यात. इन्स्टन्सची कमाल संख्या बांधून ठेवा, पूल लहान करा, आणि गरज पडली तर मध्ये पीजीबाउन्सर (थोड्या जोडण्या अनेकांत वाटून देणारं साधन) बसवा.

‘ॲप क्लाउडवर, डेटाबेस तूर्तास जुन्याच जागी’ हा मधला मार्ग कागदावर सुरक्षित वाटतो. एका पानासाठी तुमचं ॲप किती क्वेरी करतं ते मोजा. साठ क्वेरी आणि दोन जागांमधला फेरा ३० मिलिसेकंदांचा असेल तर नुसत्या ये-जा करण्यातच १.८ सेकंद गेले. ॲप आणि डेटाबेस शेजारी शेजारी असू देत, जिथे असतील तिथे.

पायरी ५: पैशांचा हिशेब, माणसांच्या तासांसकट

दोन्ही बाजूंना सारख्याच ओळी ठेवा. प्लॅटफॉर्मच्या बाजूला: इन्स्टन्स, डेटाबेस सेवा, रेडिस, ऑब्जेक्ट स्टोरेज, लॉग सेवा, बाहेर जाणारा डेटा, चाचणीसाठीचं वेगळं वातावरण. आत येणाऱ्या डेटाला बहुतेक ठिकाणी पैसे पडत नाहीत, बाहेर जाणाऱ्याला पडतात; व्हिडिओ किंवा मोठ्या फाइली वाटणाऱ्या ॲपचं बिल तिथे फुगतं. सर्व्हरच्या बाजूला: भाडं, बॅकअपची जागा, लायसन्स, एक मशीन बंद पडलं तर लागणारं दुसरं मशीन, आणि पायरी १ मधले तास.

तास फुकट धरले की सर्व्हर नेहमीच स्वस्त दिसतो. पण सगळे तास वाचतील असं धरणंही भाबडेपणाचं आहे. प्लॅटफॉर्मचं बिल वाचणं, परवानग्या सांभाळणं, जुनी रनटाइम बंद होण्याच्या सूचनांवर काम करणं हे नव्याने येतंच. निम्मे वाचतील असं धरून बघा आणि तरीही प्लॅटफॉर्म परवडतो का ते पाहा.

लहान लहान ॲप्स खूप असतील तर गणित वेगळंच निघतं. समजा, १६ जीबीच्या एका मशीनवर एकाच टॉमकॅटमध्ये सहा छोटी ॲप्स सुखाने नांदतात. प्लॅटफॉर्मवर सहांना सहा जागा, आणि एखादा इन्स्टन्स बदलताना ॲप बंद पडू नये म्हणून प्रत्येकी दोन. म्हणजे बारा इन्स्टन्स, बारा जावा प्रोसेस, दिवसाला चार माणसं वापरतात अशा ॲपलाही. एकाच सर्व्हरच्या पोटात अनेक ॲप्स ही जुनी युक्ती अशा ठिकाणी अजूनही खणखणीत स्वस्त आहे, हे मान्य करायला हवं. त्या सहांपैकी एकाने मेमरी खाल्ली तर बाकीचे पाचही झोपतात, ही तिची किंमत.

वापर वरखाली होतो की सपाट राहतो, हेही बघा. निकालाच्या दिवशी शंभरपट गर्दी आणि एरवी शुकशुकाट, असं असेल तर प्लॅटफॉर्म पैसे वाचवतो. चोवीस तास एकसारखा, मोठा आणि आधीच कळणारा भार असेल तर स्वतःची यंत्रं स्वस्त पडू शकतात. ३७सिग्नल्स या कंपनीने ऑक्टोबर २०२२ मध्ये क्लाउड सोडण्याचा निर्णय जाहीर केला तो याच तर्काने. मात्र त्यांच्याकडे यंत्रं सांभाळणारी मुरलेली टीम आधीपासून होती, आणि ही बाब उद्धृत करताना लोक सोयीस्करपणे गाळतात.

शून्यावर जाणाऱ्या सेवांचा मोह पडतो, पण जावाचं ॲप थंड अवस्थेतून उठायला कित्येक सेकंद घेतं. पहिल्या वापरकर्त्याला ते चालणार नसेल तर किमान एक इन्स्टन्स कायम चालू ठेवा, आणि त्याचे पैसे हिशेबात धरा.

उपलब्धतेचे आकडे वाचताना ते मिनिटांत बदला. ३० दिवसांच्या महिन्यात ९९.९ टक्के म्हणजे सुमारे ४३ मिनिटं बंद चालेल, ९९.९५ म्हणजे सुमारे २२. हमी मोडली तर भरपाई सहसा बिलातल्या सवलतीच्या रूपात मिळते. तुमचा बुडालेला धंदा कुणी भरून देत नाही.

पायरी ६: बाहेर पडायची वाट आधीच पाहून ठेवा

प्लॅटफॉर्म त्याच्या अटी बदलू शकतो. २०११ मध्ये गूगल ॲप इंजिनने दर आकारण्याची पद्धत बदलली तेव्हा अनेकांची बिलं भलतीच वाढली. ज्यांचा डेटा त्याच्या खास डेटास्टोअरमध्ये होता त्यांना पटकन उठून जाताही येईना. हेरोकूने नोव्हेंबर २०२२ मध्ये फुकटची योजना बंद केली. कोडमध्ये त्या प्लॅटफॉर्मच्या खास लायब्ररी किती ठिकाणी वापरल्या आहेत ते मोजा, आकडा लहान ठेवा. साधी कंटेनर इमेज आणि साधा पोस्टग्रेस असेल तर दुसरीकडे जाणं काही दिवसांचं काम असतं.

पायरी ७: तालीम

डेटाची प्रत घेऊन ॲप प्लॅटफॉर्मवर उभं करा, किमान दोन इन्स्टन्सवर. रोजच्या वापरकर्त्यांपैकी दोघा-तिघांना तिथे खरं काम करायला लावा. ते काम करत असताना एक इन्स्टन्स मारा. नवी आवृत्ती चढवा. जुनी परत आणा. डेटाबेसचा बॅकअप दुसऱ्या जागी चढवून बघा आणि त्याला किती वेळ लागला ते लिहून ठेवा. महिनाअखेरीचा सगळ्यात जड रिपोर्ट काढा.

तालमीत दोन गोष्टी हमखास अडतात. बँक, पेमेंट गेटवे किंवा भागीदार कंपनीने तुमच्या सर्व्हरचा आयपी त्यांच्या फायरवॉलमध्ये नोंदवलेला असतो; प्लॅटफॉर्मवरून बाहेर जाणाऱ्या रिक्वेस्टचा आयपी बदलता असू शकतो, आणि स्थिर आयपीची सोय बहुधा वेगळ्या पैशांत मिळते. त्यांच्याकडून नवा आयपी नोंदवून घ्यायला कधीकधी आठवडे जातात, तेव्हा हे पत्र सगळ्यात आधी पाठवा. दुसरी अडचण मेलची: जुन्या सर्व्हरवरचा पोस्टफिक्स हा मेल सर्व्हर थेट मेल पाठवत असेल तर बऱ्याच क्लाउडवर पोर्ट २५ बंद असतो. मेल पाठवणारी सेवा ५८७ पोर्टवरून किंवा एपीआयने जोडा.

पायरी ८: हलवताना

दोन दिवस आधी डीएनएसचा टीटीएल, म्हणजे जुना पत्ता इतरांकडे साठून राहण्याची मुदत, ३०० सेकंदांवर आणा. हलवण्याच्या वेळी जुन्या ॲपवर ‘काम सुरू आहे’ पान लावून लिहिणं थांबवा, डेटाबेसची शेवटची प्रत नव्या जागी चढवा, महत्त्वाच्या टेबलांतल्या ओळींची संख्या दोन्हीकडे जुळवा, मग डीएनएस बदला. परत फिरायचं कधी, हे आधीच ठरवून लिहून ठेवा: ‘अमुक वाजेपर्यंत पैसे भरण्याची चाचणी झाली नाही तर माघारी’. नव्या जागी लोकांनी नोंदी करायला सुरुवात केली की माघार अवघड होते, कारण त्या नोंदी जुन्या डेटाबेसमध्ये नसतात. रात्रीचं स्वयंचलित काम जुन्या सर्व्हरवर लगेच बंद करा, नाहीतर दोन्हीकडून मेल जातील.

जुना सर्व्हर लगेच सोडू नका. त्याचा ॲक्सेस लॉग काही आठवडे बघत राहा. कुणाचं तरी जुनं मोबाइल ॲप, एखादा भागीदार, कुठल्याशा एक्सेल शीटमधला मॅक्रो अजून थेट त्या आयपीवर येत असतो. क्रॉनची (सर्व्हरवर ठरलेल्या वेळी चालणाऱ्या कामांची) यादी शेवटची वाचा, त्यात ॲपशी संबंध नसलेलं पण कुणाला तरी लागणारं एखादं काम सापडतंच. लॉग शांत झाला की पूर्ण डिस्कची प्रत घेऊन मशीन सोडा, आणि त्याच दिवशी डीएनएसमधली जुनी नोंद काढा. ती तशीच राहिली आणि तो आयपी पुढे दुसऱ्या कुणाला मिळाला, तर तुमच्या नावाचं उपडोमेन परक्याच्या मशीनकडे लोकांना पाठवत राहील.